विरजणाचें बळ आणि त्याची मर्यादा



कोमट दुधांत चमचाभर विरजण घालून रात्रीं पातेलें झांकून ठेवावें, थंडी असल्यास तें घोंगडींत गुंडाळावें, हा आपल्या पुण्यांतील घरोघरचा परिपाठ. शाळेंत असतांना मी मुलांपुढें दोन वाट्या ठेवीत असें. दोहोंत तेंच दूध. एकीस विरजण लावलेलें, दुसरीस नाहीं. दोन दिवसांनीं दुसरीला घाण येई. पहिलींतील दहीं आंबट होई, पण नासत नसे. “गुरुजी, असें कां?” हा प्रश्न ठरलेला.

विरजणांतील सूक्ष्म जंतु दुधांतील साखर खाऊन तिचें दुग्धाम्ल बनवितात. आम्लतेच्या मापावर दुधाचा अंक सुमारें ६.६ असतो, दहीं नीट लागलें म्हणजे तो ४.५ च्या आसपास येतो. अंक उतरला कीं आंबटपणा वाढला, असें समजावें. इतक्या आंबट जागीं दूध नासविणाऱ्या व रोग करणाऱ्या बहुतेक जंतूंची वाढ खुंटते. कांहीं जाति याहून तीक्ष्ण शस्त्र बाळगतात. लॅक्टोकॉकस लॅक्टिस या दुधांतील जंतूपासून निघणाऱ्या एका द्रव्यास १९४७ सालीं नायसिन हें नांव मिळालें. तें दुसऱ्या जंतूंच्या आवरणास भोंकें पाडतें; म्हणून चीज टिकविण्यासाठीं त्याचा उपयोग करितात. मात्र विषमज्वराच्या जंतूंस बाहेरून आणखी एक कवच असतें. त्यांच्यापुढें एकट्या नायसिनचें फारसें चालत नाहीं.

जें पातेल्यांत घडतें तें पोटांतही तसेंच घडेल असें आपण धरून चालतों, आणि येथेंच गफलत होते. पॅरिसच्या पाश्चर संस्थेंतील विद्वान मेचनिकॉफ यांनींही विसाव्या शतकाच्या आरंभीं आंबविलेल्या दुधानें आयुष्य वाढतें असें मांडलें होतें. तें सिद्ध झालें नाहीं. मग हे जंतु पोटांत निरुपयोगी काय? तसेंही नव्हे. ओडिशांत साडेचार हजारांहून अधिक नवजात अर्भकांवर झालेल्या चाचणीचें फळ २०१७ सालीं प्रसिद्ध झालें. ज्यांना निवडक लॅक्टोबॅसिलस जंतु त्याच्या खाद्यासह सात दिवस दिला, त्यांच्यांत रक्तांत जंतुसंसर्ग होणें वा मृत्यु येणें यांचें प्रमाण शेंकडा ५.४ राहिलें, इतरांत तें ९ होतें. परंतु तो जंतु पारखून निवडलेला व मोजून दिलेला होता. तें घरचें दहीं नव्हे.

आपल्या पाषाण येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा संग्रह आहे. तेथें प्रत्येक वाण वेगळें, क्रमांक घालून जपतात. फडताळांतील विरजणाचें तसें नाहीं. त्यांत कोणते जंतु व किती, हें घरागणिक बदलतें.

हा भेद मला स्वतःच्या घरीं शिकावा लागला. नातवास जुलाब लागले तेव्हां मींच सांगितलें, “ताक पाजा, जंतु मरतील.” दुसऱ्या दिवशीं पोराचे डोळे खोल गेले, लघवी होईना. डॉक्टरांनीं जलसंजीवनी सुरू केली आणि पोर वांचलें. जुलाबांत मोठा धोका शरीरांतील पाणी व क्षार निघून जाण्याचा. ती तूट दुग्धाम्ल भरून काढीत नाहीं.

तेव्हां दूध आधीं उकळावें, मगच विरजावें. कारण कांहीं रोगजंतु दह्याच्या आंबटपणांतही कांहीं काळ तग धरतात. जेवणांत दहीं-ताक आनंदानें घ्यावें. पण मूल आजारी पडलें म्हणजे जलसंजीवनी आणि डॉक्टर यांची आठवण ताकाच्या आधीं व्हावी, एवढीच या म्हाताऱ्या शिक्षकाची विनंति.