जेवते की चांगली!

आज थोडक्यातच बोलतो, एका आकड्याबद्दल. 77 सेंटिमीटर.

जव्हार तालुक्यातल्या एका अंगणवाडीत मी नोंदी भरायला मदत करत होतो. नुकतीच दोन वर्षं पूर्ण झालेल्या एका मुलीची ही उंची. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात या वयाच्या मुलींची मधली उंची साधारण 86 आहे. 79 च्या खाली गेली की वाढ खुंटली असं धरतात. मला वाटलं, टाइप करताना मीच चुकलो. ताईंनी परत मोजलं. 77 च.

आई म्हणाली, "जेवते की चांगली!" खरंच जेवायची. भात आणि पाण्यासारखं वरण. घरात पैसे कमी पडले की ताट लगेच रिकामं होत नाही. आधी अंडं जातं, मग दूध, मग डाळ पातळ होते. पोट भरतं, म्हणून कुणाच्या लक्षातच येत नाही.

त्यात दिवाळीनंतर हे कुटुंब वीटभट्टीवर जातं. अमृत आहार योजनेतलं अंडं मुलीच्या नावावर गावातच राहतं. उतरलेलं वजन काही आठवड्यांत सावरू शकतं, पण पहिल्या दोन वर्षांत राहिलेली उंची भरून निघणं फार अवघड.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली अशी मुलं 2015-16 मध्ये 34.4 टक्के होती, 2019-21 मध्ये 35.2.

तेव्हा कुणी "जेवतं की" म्हणालं, तर एकदा विचारा, काय जेवतं? भेटू पुढच्या भागात.