एक अख्खे पुस्तक



शाळेतल्या मुलांना कोणती पुस्तके वाचायला लावावीत, असा विषय यंदा मला दिला गेला. आयुष्य शिकवण्यात गेलेल्या माणसाला हा विषय सोपा वाटतो. यादी मनात तयारच असते. माझीही होती. पण त्या यादीने एकदा माझा चांगलाच पराभव केला आहे, तो आधी आपल्याला सांगतो.

काही वर्षांपूर्वी आम्ही इंदुरात दर रविवारी मुलांसाठी मराठीचा वर्ग सुरू केला. पहिल्या रविवारी चौदा मुले आली. मी 'श्यामची आई' नेमले. दर आठवड्याला पंधरा पाने, खाली प्रश्न, कठीण शब्दांचे अर्थ, शेवटी 'या गोष्टीपासून काय बोध घ्याल?'. दिवाळीपर्यंत तीन मुले उरली. त्यांतल्या एकाच्या वहीवर नाव होते, 'मराठी शिक्षा'. मुलगा हिंदी शाळेतला. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. त्याने सरळ मनाने लिहिले होते. मी हसलो आणि ते खोडून दुरुस्त केले. घरी येताना मात्र वाटले, त्याचे काय चुकले होते? मराठीतल्या अर्थानेही ते बरोबरच होते!

दोष पुस्तकाचा नव्हता. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. श्याम आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री आईच्या आठवणी सांगतो, म्हणून त्यातल्या प्रकरणांना 'रात्र' म्हटले आहे. दिवेलागणीनंतर चार माणसांत बसून ऐकायचे पुस्तक मी रविवारी सकाळी परीक्षेला बसवले. कोणते पुस्तक द्यावे याच्याइतकाच कसे द्यावे हाही प्रश्न आहे, हे मला तिथे कळले.

आता आपल्या मुलांची स्थिती पाहा. बेळगावात आणि गोव्यात मराठी शाळा आहेत. तिथला प्रश्न निराळा. बडोद्यातल्या मुलाला मराठीसाठी गुजरातीहून वेगळी लिपी हाताळावी लागते, हैदराबादेतल्या मुलाला तेलुगूहून वेगळी. इंदूर-ग्वाल्हेरच्या मुलाला लिपी मात्र आयतीच मिळते. 'ळ' नवा, 'चाक' आणि 'चार' यांतला 'च' निराळा. एवढे सांगितले की मराठीचे पान तो वाचू शकतो. अडखळतो तो ओळखीच्या शब्दांपाशी. 'संसार' त्याला जग वाटते, 'चेष्टा' प्रयत्न वाटते, 'राग' म्हटले की गाणे आठवते. हे शब्दकोश पाठ करून सुटत नाही. एकाच माणसाची गोष्ट शंभर पाने वाचली, तो माणूस दहादा रागावला, की राग म्हणजे काय ते न सांगता कळते.

म्हणून माझे पहिले म्हणणे असे, की मुलाला अख्खे पुस्तक द्यावे. पाठ्यपुस्तकात तीन पानांचा उतारा असतो. इकडे माणूस भेटतो न भेटतो, तोच स्वाध्याय येतो. शाळेला ते करावेच लागते, तिला सगळ्या प्रकारांची ओळख करून द्यायची असते. पण आपला वर्ग शाळा नाही. आपल्याला गुण द्यायचे नाहीत. वर्षात एकच पुस्तक, पण पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, एवढी चैन आपल्याला परवडते.

दुसरे म्हणणे, पुस्तक असे असावे की घरातले एक मोठे माणूस ते मुलाबरोबर वाचेल. आपल्या घरांत आजी मराठी वाचते, आई बोलते, मुलाला समजते. एकेका पिढीत एकेक पायरी उतरलो आपण. आजी आहे तोवरच हे काम व्हायचे आहे.

या दोन कसोट्या लावून मी पाचवी ते नववीसाठी पाच पुस्तके सुचवतो.

पाचवीला भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे'. फुरसुंगीचा हा बनेश फेणे सायकलवरून संकटात शिरतो आणि बाहेरही पडतो. बोध शोधू नये. पुढे काय झाले, एवढी ओढ लागली तरी वर्षाचे काम झाले. सहावीला 'श्यामची आई', पण रात्री आणि मोठ्याने. आजीने वाचावे, नातवाने ऐकावे, डोळे कोणाचे भरले ते विचारू नये.

सातवीला व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी'. १९५५ सालचे हे पुस्तक लहानसे आहे, वाक्ये आखूड आहेत. एक कोवळा मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला जातो आणि शिकवता शिकवता स्वतःच शिकतो. आपल्या मुलांना मराठी म्हणजे वाडे, सरदार आणि सत्यनारायण एवढेच वाटते. मेंढरांमागे हिंडणाऱ्या माणसांची मराठी त्यांना कोण ऐकवणार?

आठवीला लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे', १९३४ पासून भागांनी निघालेली. शाळेत कधी धड न गेलेल्या बाईने लिहिलेले गद्य इतके जिवंत असू शकते, हे मुलींनी वाचावे आणि मुलांनी तर वाचावेच. कोणी म्हणेल, त्यात धर्मांतर आहे, घरात ताटातूट आहे. आहे. टिळक ख्रिस्ती झाले तेव्हा लक्ष्मीबाईंच्या जिवाची काय अवस्था झाली आणि त्यातून त्या कशा उभ्या राहिल्या, ते त्या हसत हसत सांगतात. घरात मतभेद झाला तरी माया राहू शकते, हे चौदा वर्षांच्या मुलाला आपण दुसरे कोणत्या पुस्तकातून सांगू?

नववीसाठी मात्र मी हट्ट धरणार आहे. ते पुस्तक म्हणजे विष्णुभट गोडशांचा 'माझा प्रवास'.

पेणजवळच्या वरसईचा हा गरीब भिक्षुक. डोक्यावर कर्ज. बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, असे ऐकून १८५७ साली काकांबरोबर घराबाहेर पडतो. महूच्या आसपास पोचतो तो शिपायांच्या गदराची वार्ता कानी येते. पुढे ग्वाल्हेर, झाशी. झाशीला वेढा पडतो तेव्हा तो आत असतो. कत्तल आणि लूट तो डोळ्यांनी पाहतो, हाती असलेले गमावतो, आणि अखेर आईवडिलांसाठी गंगेची कावड घेऊन घरी परततो. चिंतामणराव वैद्यांनी हे १९०७ साली छापले, तेव्हा त्यात फेरफार केले. मूळ हस्तलिखिताप्रमाणे ते दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली काढले. मुलांच्या हाती वैद्यांची आवृत्ती द्यावी, शिकवणाऱ्याने पोतदारांची जवळ ठेवावी.

हट्ट कशासाठी? इथल्या मुलाला वाटते, मराठी पुस्तके पुण्याची असतात. आपले गाव त्यांत नसते. या पुस्तकात महू आहे. आपली मुले सहलीला जातात ते महू! आपले पूर्वज ज्या वाटांनी इकडे आले, त्या वाटांवरून हा माणूस चालला आहे. ज्या भाषेत आपले गाव सापडते, ती भाषा पाहुण्याची राहत नाही. आपण आपल्या ठिकाणी असेच पुस्तक शोधावे. हैदराबादकरांना सेतुमाधवराव पगडींचे 'जीवनसेतु' आहे, गोवेकरांना महादेवशास्त्री जोशींचे 'आत्मपुराण' आहे.

एक शंका मला नेहमी विचारतात. मुलाने मराठी वाचले तर हिंदी-इंग्रजीत मागे पडणार नाही का? याच माळव्यात वाढलेले मुक्तिबोध बंधू आठवा. एका मराठी घरातले दोघे. थोरले गजानन माधव हिंदी कवितेत अग्रगण्य झाले, धाकटे शरच्चंद्र मराठीत नामवंत कवी आणि समीक्षक. एका घरात दोन भाषा सुखाने नांदल्या. अडचण दोन भाषांची नसते, आपल्या कंटाळ्याची असते.

तेव्हा मंडळाला माझी विनंती अशी. पाचही पुस्तकांच्या पाच-पाच प्रती ग्रंथालयात घ्याव्यात आणि त्या मुलाच्या नावावर न देता घराच्या नावावर द्याव्यात. परीक्षा नको, बक्षीस नको. पुस्तक परत आले की एकच विचारावे, 'कोणी कोणाला वाचून दाखवले?'

त्या मुलाची वही मी खोडली, त्याला पुष्कळ वर्षे झाली. पुढच्या महिन्यात वर्ग पुन्हा उघडतो आहे. या वेळी वहीवर मुले काय लिहितात, ते मी दुरुस्त न करता वाचणार आहे.