जपून ठेवलेलं उघडून पाहिलंय का?

आम्ही लातूरकडच्या एका बचत गटाचा हिशेब ठेवणाऱ्या बाया. आज कॉम्प्युटरमधल्या वहीची गोष्ट सांगतो.

गेल्या मृगात वीज कडाडली, लाईट गेली-आली आणि आमचा लॅपटॉप बंदच पडला. दुरुस्तीवाला म्हणाला, ‘हार्ड डिस्क गेली.’ आम्ही घाबरलो नाही. दर बैठकीनंतर हिशेब पेन ड्राइव्हवर घेत होतो ना! तो दुसऱ्या कॉम्प्युटरला लावला, तर फाइल उघडेना. वर्षभर आम्ही पडद्यावरचं चित्र, म्हणजे नुसता शॉर्टकट, उचलून ठेवत होतो. तो घराचा पत्ता असतो, घर नव्हे.

एका बाईचे शेवटचे तीन हप्ते त्यातच होते. ‘मी भरलेत,’ एवढंच म्हणाली आणि गप्प बसली. पैसे आम्हीच घेतलेले, पण दाखवायला आमच्याकडे काही नाही. फार लाज वाटली. मग सगळ्यांची पासबुकं गोळा केली, बँकेतून खात्याचा उतारा आणला, चार रात्री बसून वही पुन्हा उभी केली. तिचे हप्ते तिच्या पासबुकात सह्यांसकट निघाले. ‘आता कागद कशाला?’ म्हणणाऱ्यांना आम्ही हसून सोडून देतो.

आता प्रती तीन : एक लॅपटॉपमध्ये, एक पेन ड्राइव्हवर, एक परगावी. परगावी का? ३० सप्टेंबर १९९३ची किल्लारीची पहाट आपल्याकडे कुणाला सांगावी लागत नाही. भिंती पडतात तेव्हा मूळ वही आणि तिची नक्कल एकाच ढिगाऱ्याखाली जातात. म्हणून आमची प्रत नांदेडच्या मैत्रिणींकडे, त्यांची आमच्याकडे. त्यांना गोदावरीच्या पुराची धास्ती आहेच. बायांचे खाते क्रमांक असतात, म्हणून फाइलला पासवर्ड. तो दोघींना पाठ.

पेन ड्राइव्ह काम झालं की काढायचाच. मे २०१७मध्ये वॉनाक्राय नावाच्या व्हायरसनं सुमारे दीडशे देशांतल्या कॉम्प्युटरमधल्या फाइली कुलूपबंद करून खंडणी मागितली होती. असा व्हायरस शिरला, तर लावून ठेवलेला पेन ड्राइव्हही त्यात सापडतो.

आणि दर तीन महिन्यांनी ती प्रत दुसऱ्याच कॉम्प्युटरवर उघडायची, शेवटची नोंद मोठ्यानं वाचायची, बेरीज वहीशी जुळवायची. ३१ मार्चला जगभर ‘बॅकअप दिन’ पाळतात म्हणे. आपला तर तो हिशेब मिटवायचाच दिवस. त्या दिवशीच्या बैठकीला पेन ड्राइव्ह घेऊन या. पासबुकही आणा.