'तडीपार' ते 'इन्सान'

(मालेगाव येथे कार्यकर्त्यांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



मालेगावच्या यंत्रमाग कामगाराला शुक्रवारी सुट्टी असते. त्या दिवशी चहाच्या टपरीवर तरुणांच्या मोबाइलमधून जी गाणी ऐकू येतात, त्यांत रॅपही असते. जुन्या कार्यकर्त्यांना ते गाणेच वाटत नाही. ती चालीविना केलेली बडबड वाटते. परंतु कष्टकऱ्यांची मुले ज्या बोलीत स्वतःविषयी बोलू लागली आहेत, ती ऐकूनच न घेणे चळवळीला परवडणारे नाही.

पुण्याच्या ताडीवाला रोडच्या वस्तीत वाढलेला अल्ताफ शेख, म्हणजेच एम. सी. स्टॅन, हे याचे ठळक उदाहरण. त्याचा पहिला संग्रह २०२० साली आला. नाव 'तडीपार'. दुसरा २०२२ च्या फेब्रुवारीत आला. नाव 'इन्सान'. या दोन संग्रहांतली गाणी कोट्यवधी वेळा ऐकली गेली. पुढच्याच फेब्रुवारीत 'बिग बॉस' या दूरचित्रवाणी कार्यक्रमाचे विजेतेपद त्याला मिळाले आणि वस्तीतला हा मुलगा घरोघरी पोचला. बाजाराच्या भाषेत याला यश म्हणतात. आपण मात्र या दोन नावांमधला प्रवास पाहिला पाहिजे.

'तडीपार' हा शब्द कवीच्या कल्पनेतून आलेला नाही, तो पोलीस ठाण्यातून आला आहे. १९५१ च्या पोलीस कायद्यानुसार एखाद्याला दोन वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर घालवता येते. त्यासाठी न्यायालयात गुन्हा शाबीत व्हावा लागत नाही. साक्षीदारांची नावेही त्याला कळू न देता काम भागते. वकिलांच्या मुलांना हा शब्द पुस्तकात भेटतो, वस्तीतल्या मुलांना तो गल्लीत भेटतो. त्या शिक्क्यानंतर 'इन्सान' हे नाव घेणे म्हणजे आपल्या माणूसपणाची नोंद करून घेण्याची मागणी होय.

मालेगावला हे समजावून सांगण्याची गरज नाही. ८ सप्टेंबर २००६ रोजी येथे बॉम्बस्फोट झाले. मेले ते येथलेच, आणि पकडले गेले तेही बहुतेक येथलेच. नऊ मुस्लिम तरुणांवर खटला भरला गेला. त्यांना दोषमुक्त ठरवायला २०१६ चा एप्रिल उजाडला. तोवर त्यांतला एक जण या जगात राहिला नव्हता. शिक्का मारायला दिवस पुरतात आणि पुसायला दशक लागते, हा या शहराचा अनुभव आहे.

तेव्हा प्रश्न असा की, माणूसपण विक्रीच्या आकड्यांवर ठरणार काय? स्टॅनला टाळ्या मिळाल्या, बक्षीस मिळाले. त्याचे ऐंशी हजारांचे बूट देशभर चर्चेचा विषय झाले. उपाशी राहिलेल्याने ताट मिरवले तर त्याला उपभोगवादी म्हणून हिणवण्याचा अधिकार पोट भरलेल्यांना नाही. पण त्याच वस्तीत ज्याचे गाणे खपले नाही, ज्याला गाताच येत नाही, तो इन्सान नव्हे काय? एकाला उचलून घेणारा बाजार उरलेल्यांना तेथेच ठेवतो आणि त्या एकाकडे बोट दाखवून म्हणतो, बघा, वाट मोकळी आहे.

यशाची हमीही तकलादू असते. २०२३ च्या मार्चमध्ये गीतांतील शिवीगाळीचा आक्षेप घेऊन निदर्शकांनी इंदूरमधला त्याचा कार्यक्रम बंद पाडला. शिव्या आणि स्त्रियांविषयीची हीन भाषा यांचे समर्थन समाजवाद्यांनी करू नये. वस्तीत स्त्रियाही राहतात. परंतु मतभेद मांडणे वेगळे आणि मंच बळकावणे वेगळे.

या गाण्याचे मूळ न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये आहे. १९७० च्या दशकात, वाद्ये घेण्याची ऐपत नसलेल्या तरुणांनी जुन्या तबकड्यांच्या ठेक्यावर शब्द रचले. १९७९ साली 'रॅपर्स डिलाइट' ही तबकडी गाजली आणि बाजाराला त्या शब्दांची किंमत कळली. किंमत कळली की मालकीचा प्रश्न येतोच. मालेगावातल्या कितीतरी लहान मागवाल्यांचा माग स्वतःचा असतो, पण सूत व्यापाऱ्याचे आणि कापडही व्यापाऱ्याचे. हाती पडते ती मजुरी. गायकाचेही तसेच आहे. गळा त्याचा, दुकान दुसऱ्याचे. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा कंपनीला लिहून घेता येणार नाही असे ठरले. तो हक्क कोणी दान दिला नाही. कलावंतांनी एकत्र येऊन मागितला म्हणून मिळाला.

महाराष्ट्रात गाणे आणि संघटना यांचे नाते जुने आहे. अमर शेख आणि अण्णा भाऊ साठे यांचा आवाज मोठा होता, आणि त्यामागे गिरणी कामगार उभा होता. सेवा दलाच्या कलापथकाने निळू फुले घडवले. आजचा रॅपर 'मी' म्हणतो, कारण 'आम्ही' म्हणावे अशी संघटना त्याच्या गल्लीत उरलेली नाही. ही उणीव त्याची नव्हे, आपली आहे.

म्हणून कार्यकर्त्यांनी त्या टपरीवर जाऊन बसावे. उपदेश करण्यापूर्वी ऐकावे. शाखेच्या कार्यक्रमात त्या मुलांना पंधरा मिनिटे द्यावीत, आणि त्यांच्याशी मजुरीच्या दराविषयी, तडीपारीच्या नोटिसीविषयी बोलावे. विजेता एकच होतो, तो होवो बापडा. इन्सान मात्र सगळेच आहेत, आणि त्यासाठी कोणाला एकही गाणे विकावे लागू नये.