बॅटरीचा खटका आणि हाताची थरथर
(पारशिवनी येथील तालुका बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कापसाच्या भावावर बोलायचे सोडून आज हे यंत्राचे काय काढले, असे काहींच्या चेहऱ्यावर दिसते आहे. भावावर जेवणानंतर बोलणारच आहोत. पण गेल्या दोन हंगामांत या तालुक्यात जिथे जिथे आम्ही मुक्कामाला राहिलो, तिथे ओसरीत किंवा खाटेखाली एक नवे अवजार दिसले. कुठे बॅटरीवरचा ब्रश कटर, कुठे हातभर साखळी करवत, कुठे ग्राइंडर. एका घरी तर कापूस वेचायचे बॅटरीचे यंत्रही होते. त्याच घरांत रात्री गडी माणसे बोटे चोळत बसलेली पाहिली. या दोन गोष्टींचा संबंध आहे, म्हणून हा विषय.

आधी एक स्पष्ट करतो. आम्ही यंत्राच्या विरोधात नाही. नवे तंत्र हाती घेण्याचा हक्क शेतकऱ्याला हवा, हे आम्ही कायमच म्हणत आलो. निंदणाला माणूस मिळत नाही. धुरा वाढला की त्यात डुकरे बसतात. कोलितमाऱ्याकडच्या जंगलकाठच्या शेतकऱ्याला कुंपणाभोवतीची घाणेरी आणि वेडी बाभूळ काढल्याशिवाय रात्री झोप नाही. तिथे विळा आणि कुऱ्हाड घेऊन आठ दिवस राबा, असा उपदेश करणाऱ्याने आधी आठ दिवस राबून दाखवावे. पेट्रोलच्या यंत्रापेक्षा बॅटरीचे यंत्र बरेही आहे. धूर नाही, दोरी ओढणे नाही, इंजिनाचे हादरे नाहीत.

पण पाते लाकडाला भिडले की थरथर होतेच. ती दांड्यातून तळहातात, मनगटात आणि पुढे कोपरापर्यंत जाते.

आमच्यापुरते सांगतो. आम्ही कृषीची पदवी घेतली. कपाशीची मुळे किती खोल जातात हे परीक्षेत लिहून आलो. पण यंत्राने हाताचे काय होते, हे चार वर्षांत कोणी शिकवले नाही. दोन वर्षांपूर्वी काही जणांनी वर्गणी करून एक ब्रश कटर घेतला. जोडीला दोन बॅटऱ्या घेतल्या, काम थांबू नये म्हणून. थंडीचे दिवस होते. तीन दिवस धुरे साफ केले. तिसऱ्या रात्री हाताला मुंग्या आल्या आणि त्या सकाळपर्यंत गेल्या नाहीत. आम्ही ते हसण्यावारी नेले. यंत्र पुढे एका तरुण मुलाने ठेक्याने चालवले, एकराच्या हिशेबाने, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. पुढच्या पौषात तो भेटला तेव्हा उजव्या हाताची दोन बोटे पेरापर्यंत पांढरी पडलेली होती, खडूसारखी. म्हणाला, "भाऊ, कंबर दुखली तर समजते. पण हे बोट आपलं नाहीच असं वाटते." त्याला यंत्र आम्ही दिले होते. चालवायचे कसे ते सांगितले होते, थांबायचे केव्हा ते सांगितले नव्हते.

हा रोग नवा नाही. गारठ्यात बोटे पांढरी पडतात, हे मॉरिस रेनो नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८६२ साली लिहून ठेवले. १९१८ साली अमेरिकेत ॲलिस हॅमिल्टन या डॉक्टरबाईंनी इंडियाना राज्यातल्या बेडफर्डच्या दगडखाणी पाहिल्या. हवेच्या दाबावर चालणारी छिन्नी धरणाऱ्या कामगारांची बोटे अशीच पांढरी पडत होती. जपानच्या जंगलात साखळी करवती आल्या, तेव्हा लाकूडतोड्यांमध्ये हा रोग इतका पसरला की लोकांनी त्याला 'पांढऱ्या मेणाचा रोग' असेच नाव दिले. शेवटी तिथे करवत दिवसाला दोन तासांच्या वर धरायची नाही असे ठरवावे लागले. इंग्लंडच्या कोळसा खाणींतल्या कामगारांनी कोर्टात दावे लावले, १९९८ साली निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि भरपाई एक अब्ज पौंडांच्या वर गेली. आपल्याकडेही कन्हान-कामठीला कोळशाच्या आणि मनसर-कांद्रीला मँगनीजच्या खाणी आहेत. ज्यांच्या घरात कोणी ड्रिल धरलेले आहे, त्यांनी त्या माणसाला हिवाळ्यात बोटांचे काय होते ते विचारून पाहावे.

आत काय होते? थरथरीने बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या आखडायला शिकतात आणि मज्जातंतू दुबळे होतात. सुरुवातीला काम संपल्यावर दहा-पंधरा मिनिटे झिणझिण्या येतात. पुढे रात्री झोपेतून जाग येते. त्यानंतर थंड पाण्यात हात घातला की बोटाचे टोक पांढरे होते आणि ऊब आल्यावर लाल होऊन ठणकते. त्याही पुढे पकड सुटते. सदऱ्याचे बटण लागत नाही, बैलाच्या वेसणीची गाठ सुटत नाही. पांढरे पडणे लवकर लक्षात आले आणि यंत्र सोडले, तर बरेचसे कमी होऊ शकते. बोटांची जाणीव एकदा गेली की ती सहसा परत येत नाही. यंत्र चालवणाऱ्याने महिन्यातून एकदा डोळे मिटून सरकी आणि ज्वारीचा दाणा बोटांनी वेगळा करून पाहावा. जमले नाही तर डॉक्टरकडे जावे आणि किती तास यंत्र धरतो ते आपणहून सांगावे. मधुमेहानेही हात बधिर होतात, त्यामुळे डॉक्टरचे लक्ष आधी तिकडे जाईल.

आता हिशेब. आपल्याला उत्पादन खर्चाचा हिशेब समजतो, तसाच हा आहे. यंत्राच्या माहितीपुस्तकात शेवटच्या पानांवर इंग्रजीत 'व्हायब्रेशन' असा शब्द असतो आणि पुढे एक आकडा असतो. तो मीटर प्रति सेकंद वर्ग या मापात असतो. युरोपात २००२ साली या आकड्यावर दोन खुणा ठरल्या. आठ तासांच्या कामाची सरासरी अडीचवर गेली की उपाय सुरू करायचे, आणि पाचच्या वर जाऊच द्यायची नाही. ज्या यंत्राचा आकडा ५ आहे ते दोन तासांत पहिल्या खुणेवर पोचते आणि आठ तासांत दुसऱ्या. आकडा ७ असेल तर पहिली खूण एका तासात, दुसरी चार तासांत. १० असेल तर पहिली अर्ध्या तासात, दुसरी दोन तासांत. म्हणजे थरथर दुप्पट झाली की वेळ निम्मा होत नाही, चौथाईवर येतो. कापूस वेचायच्या यंत्रालाही हाच हिशेब लागतो. थरथर कमी असली तरी ते दिवसभर हातात राहते आणि वेचणी किलोवर असते, त्यामुळे बाई थांबत नाही.

पुस्तकातला आकडा प्रयोगशाळेतला असतो, नव्या पात्यावर मोजलेला. बोथट पात्याने पऱ्हाटी कापताना तो वाढतो असेच धरून चाला. पुस्तकात आकडाच नसेल तर दुकानदाराला विचारा. आम्ही एका दुकानात विचारले तेव्हा तो म्हणाला, "व्होल्ट विचारा साहेब, हे काय विचारता?" बियाण्याच्या पिशवीवर उगवणशक्तीचा टक्का छापलेला पाहिल्याशिवाय आपण पिशवी घेत नाही. मग हा आकडा विचारायला लाजायचे कशाला?

वेळ मोजायचा तो खटका दाबलेला वेळ. बांधावर बसलेला किंवा चहाचा वेळ त्यात धरायचा नाही. आणि इथेच दुसऱ्या बॅटरीचा घोटाळा आहे. एकच बॅटरी असली की ती संपते, चार्ज होईपर्यंत हात मोकळा राहतो. ती सक्तीची सुट्टी होती. दुसरी आणि तिसरी बॅटरी घेऊन आपण ती सुट्टी विकली. आमचे म्हणणे दुसरी बॅटरी घेऊ नका असे नाही. बॅटरी बदलली की माणूसही बदला. आकडा ७ असलेले यंत्र एकाने सहा तास चालवले तर तो दुसऱ्या खुणेच्या पार जातो. तेच सहा तास चौघांनी वाटून घेतले तर प्रत्येकाला दीड तास येतो आणि चौघेही त्या खुणेच्या बरेच आत राहतात. एकराचा ठेका देताना एकट्याला देऊ नका, दोघा-तिघांच्या जोडीला द्या. मालक म्हणून हे आपल्यावर आहे. सालदार थांबू का असे विचारणार नाही.

थरथर कमी करणे हातात आहे. पात्याला धार ठेवा. वाकलेले किंवा एका बाजूने झिजलेले पाते फेकून द्या, ते फिरताना झोला खाते आणि सगळा मार हातावर येतो. दांडा गच्च आवळू नका. खांद्याचा पट्टा लावा, म्हणजे वजन पट्टा घेईल आणि हात फक्त दिशा देतील. यंत्र दाबू नका, पात्याला त्याच्या गतीने कापू द्या. दर दहा-पंधरा मिनिटांनी हात झटका. गारठ्यात सकाळी आधी हात शेका, मोजे घाला, मग यंत्र धरा. मोजे ऊब देतात आणि खरचटू देत नाहीत. थरथर मात्र त्यांनी फारशी अडत नाही, दुकानात काहीही सांगितले तरी. आणखी एक, बिडी असो की खर्रा, तंबाखूने त्याच रक्तवाहिन्या आखडतात. यावर हसू आले ते आम्ही पाहिले.

अपघाताचे थोडक्यात सांगतो, कारण ते आपल्याला कळते. मळणी यंत्रात हात गेलेली माणसे जुन्या लोकांनी पाहिली आहेत. १९८३ साली केंद्राने धोकादायक यंत्रांचा कायदा केला तो अशाच मळणी यंत्रांसाठी. बॅटरीचे यंत्र आवाज करत नाही, म्हणून ते बंद आहे असे वाटते. पात्याला हात लावण्याआधी बॅटरी काढा, दरवेळी, गुंतलेला एक वेल काढायचा असला तरी. संरक्षक पत्रा काढून चालवू नका. डोळ्याला चष्मा, पायात बंद बूट हवेत. पंधरा मीटरच्या आत लेकरू नको आणि बैलही नको. पाते दगडावर किंवा तारेवर आपटले की झटका उलटा येतो, म्हणून कुंपणाजवळ आधी तार शोधून ठेवा.

बॅटरी उन्हात, ट्रॅक्टरच्या पेटीत ठेवू नका. आपल्याकडचा मे महिना तिला सोसत नाही. कामावरून आलेली गरम बॅटरी निवल्यावरच चार्जिंगला लावा. फुगलेली असेल तर वापरू नका. आणि भाव वाढेल म्हणून ज्या खोलीत कापूस भरून ठेवला आहे, त्या खोलीत चार्जर कदापि लावू नका.

सरकारचे काय? यंत्राला अनुदान आहे, त्यासाठी अर्ज आहे, सोडत आहे. शेतकऱ्याचा अपघाताने एक हात गेला तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या योजनेत एक लाख रुपयांचे सानुग्रह अनुदान आहे. पण हात जागेवर राहून बधिर झाला, तर तो अपघात ठरत नाही. आमची मागणी छोटी आहे. ज्या यंत्राला सरकार पैसा देते, त्याच्यावर थरथरीचा आकडा आणि दिवसाचे तास मराठीत छापलेले असावेत. ठरावाचा मसुदा समोरच्या टेबलावर आहे, जेवणाआधी वाचून घ्या.

ज्यांच्याकडे यंत्र आहे त्यांनी पुढच्या बैठकीला ते घेऊन यावे. पाती काढून, बॅटरी वेगळ्या पिशवीत, आणि त्या पिशवीत खिळे किंवा नाणी नकोत. माहितीपुस्तकही आणावे. आपण आकडे काढू आणि प्रत्येक यंत्राच्या दांड्यावर रंगाने तास लिहू. तो तरुण मुलगाही येणार आहे. त्याने यंत्र सोडले आहे, पण पाते कसे बसवायचे आणि धार कशी लावायची हे त्याच्याइतके इथे कोणाला येत नाही.