'डोया' म्हणणाऱ्यांच्या गावी



 ध्वनिविज्ञानाची तुमची परिषद वऱ्हाडात, अमरावतीत भरते आहे, याचा मला झालेला आनंद नुसत्या यजमानाचा नाही.

शाळेत मी 'डोया' म्हणाले आणि सगळा वर्ग हसला. गुरुजींनी 'डोळा' दहा वेळा म्हणवून घेतलं. घरी आजी 'काया', 'केयी', 'नय' असंच बोलायची. तिची भाषा बिघडलेली आहे, असं मी कितीतरी वर्षं धरून चालले. तो समज तुमच्या शास्त्राने मोडला.

'ळ' म्हणताना जिभेचं टोक मागे वळून टाळूला लागतं आणि हवा जिभेच्या कडांनी निसटते. टोक टेकवायचं सोडून जिभेचा मधला भाग टाळूकडे उचलला, की 'य' होतो. वऱ्हाडी जीभ हे आळसाने करत नाही, नेमाने करते. आणि ज्याला आपण शुद्ध म्हणतो तो 'ळ' तरी कुठला? संस्कृत 'फल', 'काल' यांतला एकेरी 'ल' बदलला, तेव्हा मराठीला 'फळ', 'काळ' मिळाले. ऋग्वेदाच्या पहिल्याच ऋचेत 'ळ' आहे. तो दोन स्वरांमध्ये आलेल्या 'ड'चा झालेला, आणि ऋक्प्रातिशाख्याने तो नियम नोंदवला आहे. ते बदल प्रमाण ठरले. त्याच वाटेवर माझी आजी एक पाऊल पुढे गेली, तर ती चुकली कशी?

ग्रियर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाच्या १९०५ सालच्या मराठी खंडात वऱ्हाडीचे नमुने आहेत. पण छापील अक्षर किती सांगणार? दुनिया या अर्थाचं 'जग' आणि 'शंभर वर्षं जग' यातलं 'जग' आपण सारखंच लिहितो. 'ज' मात्र दोन्हीकडे वेगळा उच्चारतो. म्हणून आवाजच टिपायला हवा, आणि तोही आजच्या म्हाताऱ्या माणसांचा. त्यांची नातवंडं आता घरातही 'डोळा' म्हणू लागली आहेत.

उद्या सकाळी दर्यापूर, अचलपूर, मोर्शीकडच्या काही आजी ध्वनिमुद्रणाला येणार आहेत. एक विनंती आहे. शब्दांची यादी त्यांच्यापुढे लगेच ठेवू नका. यादी दिसली की त्या शाळेतल्यासारख्या बोलू लागतील. आधी चहा होऊ द्या, कापूसवेचणीचं विचारा, सुनेचं विचारा. माइक चालू असल्याचं सांगून त्यांची परवानगी घ्या, आणि मग मध्ये न बोलता ऐकत राहा.