जुन्या ट्रॅक्टरला नव्या मॉडेलचं स्टिअरिंग बसवताना



आपल्यापैकी पुष्कळांच्या दारात पंधरा-वीस वर्षांचा जुना ट्रॅक्टर असेल. इंजिन खणखणीत आहे, लिफ्ट उचलते, कर्ज केव्हाच फिटलं आहे. तक्रार एकच, स्टिअरिंग जड आहे. दिवसभर रोटाव्हेटर चालवला की रात्री खांदे भरून येतात. शेजाऱ्याने त्याच कंपनीचं नवं मॉडेल घेतलं, ते पॉवर स्टिअरिंगमुळे एका हाताने वळतं. मग मनात येतं, नव्या मॉडेलचं स्टिअरिंग आपल्या जुन्याला बसवलं तर?

बसवता येतं. मात्र एक गोष्ट आधीच ध्यानात घ्या. जड स्टिअरिंग हाताशी बोलत असतं. सांधा ढिला झाला, चाकाला धक्का बसला, पुढचं टोक उचललं, हे सगळं हाताला कळतं. पॉवर स्टिअरिंग आलं की हात हलका होतो आणि ही खबरही बंद होते. म्हणून जे काम आजवर हात करत होता, ते यापुढे डोळ्यांनी करायचं. हे ज्याला जमेल त्यानेच हा बदल करावा.

आधी पाहा, जड का झालं?

स्टिअरिंग जड होण्याची कारणं बहुधा साधी असतात. पुढच्या टायरमध्ये हवा कमी असते. किंग पिनला महिनोन्महिने ग्रीस मिळालेलं नसतं. किंग पिनखालचं थ्रस्ट बेअरिंग चिरडलेलं असतं. स्टिअरिंगच्या पेटीतलं तेल गळून गेलेलं असतं.

पुढचा अॅक्सल जॅकवर उचला आणि खाली पक्के ठोकळे द्या. आता स्टिअरिंग फिरवून पाहा. चाकं अधांतरी असतानाही जड फिरत असेल, तर दोष किंग पिनमध्ये, सांध्यात किंवा पेटीत आहे. तो दुरुस्त करा. थोड्या खर्चात निम्मं दुखणं जाईल. शिवाय पुढे पॉवर स्टिअरिंग बसवायचं ठरलं, तरी ही दुरुस्ती करावीच लागणार आहे. गंजलेल्या किंग पिनवर पॉवर स्टिअरिंग बसवलं तर ते जोर लावून चाक वळवील, आणि कधीतरी आर्म मोडील.

जुन्यात आणि नव्यात फरक काय?

मोटारीमध्ये स्टिअरिंगला रॅक असतो, म्हणजे दात्यांची आडवी पट्टी. त्या रॅकला तेलाच्या दाबाची मदत दिली, तरी चाक आणि टायर यांच्यामधला लोखंडी जोड कायम असतो. तेल संपलं तरी गाडी वळते, जड वळते एवढंच.

ट्रॅक्टरची गोष्ट निराळी. जुन्या ट्रॅक्टरला स्टिअरिंगची पेटी, तिच्यातून निघालेला आर्म आणि ड्रॅग लिंक अशी लोखंडी साखळी असते. नव्या मॉडेलच्या पॉवर स्टिअरिंगमध्ये बहुधा ही साखळी नसतेच. स्टिअरिंगच्या खाली तेल मोजून देणारं युनिट असतं, त्याला फिटर लोक ऑर्बिट्रोल म्हणतात. तिथून दोन होज पाइप पुढच्या अॅक्सलवरच्या सिलिंडरला जातात. आपल्या हातातलं चाक आणि जमिनीवरचं चाक यांना जोडणारं फक्त तेल असतं.

इंजिन बंद पडलं तर असं युनिट हातपंपासारखं काम करतं. चाक फार जड होतं, पण ट्रॅक्टर वळतो. मात्र सिलिंडरचा होज फुटला तर वळवायला काहीच उरत नाही. यावरून होज पाइपची किंमत ओळखा. पाण्याच्या मोटारीचा रबरी पाइप आणि त्यावर आवळलेली क्लिप इथे चालत नाही. हायड्रॉलिकचा, दाब सोसणारा, मशीनवर तोंड दाबून बसवलेला होजच हवा.

सामान घेताना

एकच कंपनी आणि एकच नाव, म्हणून सामान जुळेल असं समजू नका. पॉवर स्टिअरिंगच्या मॉडेलला पुष्कळदा पुढचा अॅक्सलच वेगळा असतो, त्यावर सिलिंडर धरायला जागा ओतलेली असते. दोन्ही मॉडेलची पार्ट-पुस्तकं समोरासमोर ठेवून नंबर ताडून पाहा. अॅक्सल वेगळा असेल तर अॅक्सल, आर्म, सिलिंडर, युनिट, पंप असा सगळा संच एकाच मॉडेलचा घ्या. सिलिंडर एका ठिकाणचा, युनिट दुसऱ्या भंगारातलं, असं करू नका. आणि जुन्या स्टिअरिंग आर्मवर वेल्डिंग करून कान जोडणं तर मुळीच नको. वेल्डिंगच्या कडेला असा आर्म कडक आणि ठिसूळ होतो, आणि मोडायचा तो भरल्या ट्रॉलीसह वळणावरच मोडतो.

आता थोडा हिशेब. समजा सिलिंडरला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायला ३०० सीसी तेल लागतं. युनिट एका फेऱ्याला १०० सीसी तेल देत असेल, तर पूर्ण डावीकडून पूर्ण उजवीकडे जायला ३ फेरे लागतील. हे ठीक. युनिट ६० सीसीचं असेल तर ५ फेरे लागतील, बांधाशी वळताना हात पुरणार नाही. १६० सीसीचं असेल तर दोन फेऱ्यांच्या आतच काम होईल, पण रस्त्यावर जरा हात हलला तरी ट्रॅक्टर झोल मारील आणि इंजिन बंद पडल्यावर चाक हलवणं कठीण जाईल.

पंपाचाही असाच हिशेब करा. १०० सीसीचं युनिट सेकंदाला एक फेरा फिरवायचं तर मिनिटाला ६ लिटर तेल पाहिजे. एवढं तेल इंजिन हळू चालत असतानाही मिळालं पाहिजे, कारण बांधाशी आपण इंजिन कमी करूनच वळतो. लिफ्टच्याच पंपातून तेल घ्यायचं असेल, तर आधी स्टिअरिंगला आणि उरलेलं लिफ्टला देणारा व्हॉल्व्ह हवा. नाहीतर नांगर उचलायला आणि वळायला एकच गाठ पडली की तेल नांगराकडे जाईल आणि स्टिअरिंग अडेल. त्यापेक्षा वेगळा पंप, वेगळी टाकी आणि फिल्टर हे बरं.

बसवल्यावर काय तपासावं?

पहिली तपासणी चाकं अधांतरी ठेवून, इंजिन हळू चालवून करायची.

१. स्टिअरिंग डावीकडे फिरवा. चाकं डावीकडेच वळतात ना? दोन होज उलटसुलट लागले तर ती उजवीकडे वळतात. हसू नका, हे होतं, आणि ते अंगणातच कळलेलं बरं.

२. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश आठ-दहा वेळा फिरवा, म्हणजे तेलातली हवा निघून जाईल. टाकीतलं तेल कमी होईल, ते भरा.

३. पूर्ण वळणावर अॅक्सलवरचा थांबा आधी टेकला पाहिजे. सिलिंडरचा दांडा शेवटाला जाऊन ठोकर खाता कामा नये. दोन्ही बाजूंना हे पाहा.

४. होज कुठे ताणतो, पिळतो किंवा टायरला घासतो का ते पाहा. पुढचा अॅक्सल मधल्या पिनवर खालीवर डोलतो, तेव्हा एक चाक विटांवर चढवूनही पाहा.

५. चाकांचा टो-इन पुस्तकात दिल्याप्रमाणे ठेवा. पिकाच्या ओळींसाठी पुढच्या चाकांतलं अंतर कमी-जास्त केलंत, तर टाय रॉडची लांबी पुन्हा जुळवावी लागते, हे विसरू नका.

स्टिअरिंग आणखी हलकं व्हावं म्हणून कोणी रिलीफ व्हॉल्व्ह आवळून दाब वाढवायला सुचवील. ऐकू नका. तो व्हॉल्व्ह म्हणजे स्टिअरिंगचा फ्यूज आहे. दाब वाढला की दांडा वाकतो, सील फुटतात, आर्म मोडतो. पूर्ण वळवून चाक तसंच दाबून धरायची सवयही सोडा. तेव्हा जो किंचाळल्यासारखा आवाज येतो तो तेल तापल्याचा इशारा असतो.

आणखी एक जपा. होजमधून बारीक गळती होत असेल तर बोट फिरवून शोधू नका. दाबातलं तेल सुईसारखं कातडीत शिरतं. जखम टाचणीएवढी दिसते, दुखतही नाही, पण आतलं मांस सडतं आणि बोट गमावण्याची पाळी येते. गळती पुठ्ठ्याचा तुकडा धरून शोधा. तेल अंगात शिरलंच तर त्याच घटकेला मोठ्या दवाखान्यात जा आणि तेल शिरलं आहे असं डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

उसाच्या ट्रॉल्या ओढणाऱ्यांसाठी

पुढची चाकं जमिनीला टेकलेली असतील तरच स्टिअरिंगचा उपयोग. मागे जादा ओझं लावलं की पुढचं टोक हलकं होतं. जुन्या स्टिअरिंगला हे हाताला लगेच कळायचं, चाक एकदम सैल लागायचं. पॉवर स्टिअरिंग दोन्ही वेळा सारखंच हलकं लागतं. म्हणून अंदाजावर राहू नका, वजन करा. मागे अवजार किंवा ट्रॉली जोडलेली असतानाही, मोकळ्या ट्रॅक्टरच्या वजनाचा किमान पाचवा हिस्सा पुढच्या चाकांवर असावा. म्हणजे १८०० किलोच्या ट्रॅक्टरला ३६० किलो. वजनकाट्यावर फक्त पुढची चाकं चढवली की आकडा कळतो. कमी भरला तर पुढे वजनं लावा, किंवा भार कमी करा.

आठवड्याची पाहणी

आठवड्यातून एकदा दहा मिनिटं द्या. एकाने स्टिअरिंग थोडं डावं-उजवं हलवावं, दुसऱ्याने बाजूला उभं राहून प्रत्येक सांधा पाहावा. कुठला बॉल जॉइंट आधी हलतो आणि चाक मागाहून? तोच बदलायचा. नटामधली स्प्लिट पिन जागेवर आहे का? तिच्या जागी तार पिळली असेल तर आजच काढा. रबरी टोप्या फाटल्या का? होजवर भेगा, फुगा किंवा ओल दिसते का? टाकीत तेल पुरेसं आहे का? स्टिअरिंगच्या दांड्या दर वेळी सरळ एकाच जागी येत नाहीत, म्हणून मात्र घाबरू नका. अशा युनिटमध्ये थोडं तेल सरकतं, तेवढा फरक पडतो.

कायदाही हेच सांगतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या ९८ व्या नियमाप्रमाणे स्टिअरिंगच्या चाकाची मोकळी फिरकी ३० अंशांपेक्षा जास्त चालत नाही. ४० सेंटिमीटर व्यासाच्या चाकावर ती कडेला साधारण १० सेंटिमीटर भरते. बॉल जॉइंटना रबरी टोप्या असाव्यात आणि बोल्ट-पिना पक्क्या अडकवलेल्या असाव्यात, असंही तो नियम म्हणतो. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीपुस्तकातल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार वाहनात करता येत नाही. म्हणून काम सुरू करण्याआधी परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीकडे विचारून घ्या, आणि उत्तर लेखी घ्या. अपघातानंतर विचारून उपयोग नाही.

शेवटी खर्चाचं. वर्षातून मोजके दिवस पेरणी आणि मळणी एवढंच काम असेल, तर किंग पिन, बेअरिंग आणि पेटी दुरुस्त करून जुनंच स्टिअरिंग चालू द्या. रोज आठ-दहा तास काम असेल, भातखाचरात चिखलणी असेल, किंवा चालवणाऱ्याचे खांदे थकले असतील, तर जरूर बदला. पण पूर्ण संच घ्या, जाणत्या फिटरकडून बसवा आणि आठवड्याची दहा मिनिटं चुकवू नका. बैलाचा कासरा हातात असताना आपण त्याची गाठ रोज पाहत होतो. हा तेलाचा कासरा आहे, याचीही गाठ पाहायला हवी.